काय कमी होतं त्याला?

बाबांच्या तेराव्याला पंगती उठल्यावर आत्या गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "काय कमी होतं गं त्याला? सोन्यासारखी बायको, गुणाच्या दोन पोरी, डोक्यावर छप्पर. काय कमी होतं?" शेजारच्या बायकांनी माना डोलावल्या. आपल्याकडे हा प्रश्न उत्तरासाठी विचारतच नाहीत. दारूपायी माणूस गेला की तो म्हणायचा असतो, एवढंच. मीही मान डोलावली. मी तेवीस वर्षांची होते आणि खरं सांगायचं तर बाबा गेल्याचं दुःख व्हायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

बाबा गेले तेव्हा बावन्न वर्षांचे होते. यंदा मलाही बावन्न पूर्ण झाली. आत्याचा तो प्रश्न हल्ली डोक्यातून जात नाही. चाळीत, गावात, लग्नकार्यात, हॉस्पिटलच्या बाकावर मी तो किती बायकांच्या तोंडून ऐकला, पण उत्तर ऐकायला म्हणून कोणी थांबलेली आठवत नाही. खरंच, काय कमी होतं?

आम्ही लालबागला राहायचो. दहा बाय बाराची खोली, मोरी आत, नळ आणि संडास गॅलरीच्या टोकाला. आई-बाबा, आम्ही दोघी बहिणी आणि गावाहून नोकरीसाठी आलेला कोणी ना कोणी भाऊबंद. बाबा १९६१ साली, सतराव्या वर्षी, संगमेश्वराकडच्या आमच्या गावातून मुंबईला आले. गावकीच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण, आधी बदली कामगार आणि मग कायम. गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. तिथे इतका गोंगाट असायचा की शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी ओठांच्या हालचालींवर आणि हातवाऱ्यांवर बोलावं लागे. घरीसुद्धा ते मोठ्यानेच बोलत. पाहुण्यांना वाटे, हा माणूस रागावलाय.

त्यांच्या कामातली एकच गोष्ट मला त्यांनी शिकवली, ती म्हणजे धागा जोडणं. ताण्यातला धागा तुटला की साचा थांबवायचा, दोन्ही टोकं शोधायची, एक टोक दुसऱ्यावर आडवं ठेवून अंगठ्याखाली दाबायचं, नखामागून वळसा घ्यायचा, टोक आत खोचायचं, ओढायचं, उरलेलं तोडून टाकायचं. गाठ इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागू नये. बाबा ते डोळे मिटून करायचे. मला सहा-सात वर्षांची असताना रविवारी दुपारी आईच्या शिवणाच्या दोऱ्यावर शिकवायचे आणि मला जमलं की मोठ्याने "शाब्बास!" म्हणायचे. सगळ्या गॅलरीला ऐकू जाई.

तेव्हाही ते पीत होते. पगाराच्या दिवशी, गणपतीच्या विसर्जनानंतर, कोणाच्या बदलीचं कायम झालं तर. पाळी सुटल्यावर चौघेजण जायचे, चौघेजण परत यायचे. आई धुसफुसायची, पण त्याला कोणी व्यसन म्हणत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार कामावर जायचे थांबले. संपाने गिरणगाव दारूत बुडवलं, असं लोक सरसकट सांगतात. आमच्या घरात झालं ते वेगळं होतं, आणि तो फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. संपाच्या पहिल्या महिन्यांत बाबा जवळजवळ प्यालेच नाहीत. रोज सभा, मोर्चे, वर्गणी, गावाकडून येणारे तांदूळ वाटून द्यायचं काम. मे महिन्यात आम्ही सगळे गावी गेलो. बाबांनी भात लावला, पडलेला गडगा पुन्हा रचला, संध्याकाळी देवळात भजनाला टाळ धरून बसले. दसऱ्यापर्यंत आम्ही तिथे होतो. पाच महिने त्यांनी थेंबाला हात लावला नाही. गावात दारू मिळत नव्हती असं नाही, वाडीच्या खालच्या अंगाला हातभट्टी होती.

पुढे कितीतरी वर्षांनी मी ली रॉबिन्स या अमेरिकन संशोधक बाईंच्या पाहणीबद्दल वाचलं, तेव्हा मला तो गडगा आठवला. १९७१ साली व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची ती पाहणी होती. तिथे असताना जवळजवळ पाचातला एक जण हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेला होता. सरकार धास्तावलं होतं की हे सगळे मायदेशी येऊन काय करणार. पण तिथे आहारी गेलेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षभरात शंभरातले पाचच पुन्हा अडकले. बहुतेकांनी कसलेही उपचार घेतले नव्हते. हेरॉइन अमेरिकेतही मिळत होतंच. बदलली होती ती जागा, सोबत, सकाळी उठल्यावर समोर असलेलं काम. पदार्थाच्या अंगी ताकद असते हे मी कधीच नाकारणार नाही, मी ती पाहिली आहे. पण सगळी ताकद बाटलीत असती तर बाबा त्या पाच महिन्यांत सुटले नसते.

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. बाबांना गिरणीने परत घेतलं नाही. १९८४ च्या सुमारास ते शिवडीच्या एका गोदामावर रातपाळीचे वॉचमन म्हणून लागले. बारा तासांची ड्यूटी, एक खुर्ची, एक टॉर्च, आणि सकाळपर्यंत बोलायला कुत्रंसुद्धा नाही. एकदा आईने डबा द्यायला मला पाठवलं होतं. बाबा खुर्चीत दोन्ही कानांवर तळहात दाबून बसले होते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "साचे चालू आहेत."

मला वाटलं, बाबा काहीतरीच बोलतायत. आता कळतं की वर्षानुवर्षं यंत्रांच्या आवाजात काम केलेल्यांच्या कानात असा नाद घुमत राहतो आणि आजूबाजूला सामसूम असली की तो जास्त जाणवतो. गिरणीत वीस वर्षं जो आवाज त्यांनी सोसला, तो गिरणी गेल्यावर त्यांच्या डोक्यात राहायला आला. दोन पेग पोटात गेले की तो त्यांच्यापुरता खाली जायचा. रातपाळीवरून सुटले की वाटेत 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटी होती, तिथे थांबून घरी येऊन झोपायचे. चौघांबरोबर पिणारा माणूस आता एकटा आणि सकाळी प्यायला लागला. मला विचाराल तर व्यसन तिथे सुरू झालं.

एकदा ते पक्कं बसलं की मग कारण बाजूला पडतं. हे समजायला मला फार वेळ लागला. दारू मेंदूला लगाम घालते. रोजच लगाम ओढला जातोय म्हटल्यावर मेंदू उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो आणि त्या ओढाताणीत कसाबसा तोल राखतो. मग एके दिवशी लगाम सोडला तर तो उलटा जोर तेवढा शिल्लक राहतो. १९८७ पासून बाबांना सकाळी चहाचा कप धरता येत नव्हता. ते चहा बशीत ओतून घ्यायचे, बशी पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवायचे, दोन्ही हात मांडीखाली दाबायचे आणि वाकून, ओठ बशीला लावून प्यायचे. आम्हा मुलींकडे पाठ करून. मग बाहेर जाऊन यायचे आणि हात स्थिर झालेले असायचे. आम्हाला वाटायचं, मजा मारून आले. ते फक्त कप धरण्याइतके हात परत आणायला गेलेले असायचे.

१९८९ च्या मे महिन्यात आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा, गावाहून आला आणि ठरलं की यांना चार दिवस कोंडायचं. बायकामुलं शेजारी झोपतील, दाराला बाहेरून कुलूप, मामा दारात. सगळ्या चाळीला पटलं. मलाही पटलं होतं, मी सोळा वर्षांची होते आणि मला माझा बाप बरा व्हायला हवा होता.

पहिला दिवस शिव्यांचा गेला. दुसऱ्या रात्री घाम आणि उलट्या. तिसऱ्या रात्री आतून काहीच आवाज येईना, म्हणून मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. बाबा भिंतीसमोर उभे होते. बनियन भिजून अंगाला चिकटलेलं. हात हवेत चालले होते, डाव्या अंगठ्याखाली काहीतरी दाबत, उजव्याने वळसा घेत, ओढत, तोडत. मग एक पाऊल सरकून पुन्हा. आमच्या दहा फुटी भिंतीवरचे तुटलेले धागे ते जोडत होते. मध्येच दाराकडे वळून म्हणाले, "मामा, दार उघडा. मी पुन्हा नाही करणार." बाहेर बसलेला माझा मामा म्हणाला, "भाऊजी, दोन दिवस धीर धरा."

पहाटे त्यांना फिट आली. सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावताना आमच्याकडे न बघताच सांगितलं, "बेवडा आहे. वाचला तरी महिन्याभरात परत आणाल." त्यांनी आम्हाला एवढं जरी सांगितलं असतं की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो, औषधं देऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली ती उतरवावी लागते, आणि अशा भ्रमात माणूस पुष्कळदा आपलं रोजचं कामच करत राहतो, तर आम्ही त्या रात्रीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. दादरहून गाडीने चार तासांच्या अंतरावर. आमच्या चाळीत त्याचं नाव कोणी ऐकलं नव्हतं, आम्हाला ठाऊक होतं ते कुलूप. आज तरी फार वेगळं आहे असं नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असं आढळलं की दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कुठली ना कुठली मदत मिळते. बाकीचे सदतीस कुठल्या ना कुठल्या कुलपाच्या आत असणार. १४४४६ हा सरकारी मदतीचा फोन नंबर आहे, पैसे पडत नाहीत, पण तो किती घरांच्या भिंतीवर लिहिलेला असतो?

आता आईबद्दल. कारण व्यसन म्हटलं की आम्ही कायम बाबांबद्दलच बोलत आलो.

माझी आई मशेरी लावायची. दर आठ दिवसांनी तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, तो ठसका अर्ध्या चाळीला लागायचा, मग कुस्करून पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी चारला उठून पाणी भरून झालं की मोरीच्या उंबऱ्यावर बसायची, तर्जनीने मशेरी हिरड्यांवर फिरवायची आणि तशीच बसून राहायची, डोळे अर्धे मिटलेले. दुपारी भांडी झाल्यावर एकदा, रात्री निजताना एकदा. शेजारपाजारच्या निम्म्या बायका लावायच्या. त्याला कोणी व्यसन म्हटलं नाही. तो दात घासायचा प्रकार होता.

दोन वर्षांपूर्वी दाताच्या डॉक्टरांना तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली, सुदैवाने तेवढ्यावरच निभावलं, पण मशेरी बंद करायला सांगितली. आईने दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. "पोटच साफ होत नाही गं," म्हणायची. डोकं जड व्हायचं, माझ्या मुलावर विनाकारण ओरडायची आणि मग रडायची. रात्रभर झोपेत तंबाखू मिळत नाही म्हणून जी तलफ साठते, तीच सकाळची पहिली मशेरी भागवते. म्हणजे जी उणीव मशेरी भरून काढते, ती मशेरीनेच पाडलेली असते. बाबांच्या बशीत आणि आईच्या डबीत मला तेव्हा पहिल्यांदा काही फरक दिसेना.

तिसऱ्या खेपेला मी तिला विचारलं, "आई, तू लागलीस कधी?" ती म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा दाढ दुखायची, शेजारणीने दिली. मग म्हणाली, संपात भूक मारायला बरी पडायची. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "मशेरी तोंडात असली ना, की बोलता येत नाही. मग कोणी काही सांगत पण नाही. तेवढी पाच मिनिटं कोणी मला हाक मारायचं नाही."

एवढ्याशा खोलीत पाच-सहा माणसं. पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत सगळे तिला हाका मारणारे. आणि दिवसातून तीनदा पाच मिनिटं, तोंड भरलेलं आहे म्हणून मिळणारी सुटका. मी त्या खोलीत तेवीस वर्षं राहिले आणि मला ती पाच मिनिटं कधी दिसली नाहीत.

म्हणून मला आता वाटतं की व्यसनाची सुरुवात बहुतेक वेळा इलाज म्हणून होते. माणूस स्वतःच आपला वैद्य होतो, त्याला लागू पडणारं औषध सापडतं, आणि मग त्या औषधाचाच रोग होतो. बाबांना सामसूम सोसवत नव्हती, आईला हाका. दोघांनी हाताशी जे होतं ते घेतलं. पुरुषाला देशीचं दुकान, बाईला तव्यावरची तंबाखू.

पण मग समोरच्या खोलीतले अण्णा? तीच गिरणी, तोच संप, तीच उपासमार. त्यांनी चिंचपोकळी स्टेशनाबाहेर भाजीची पाटी लावली आणि कधी प्यायले नाहीत. लहानपणी आई त्यांचं उदाहरण बाबांच्या तोंडावर फेकायची. अण्णा म्हातारपणी मला एकदा भेटले तेव्हा मी त्यांना त्याबद्दल हात जोडले. ते संकोचून म्हणाले, "अगं, मी काय साधू नव्हतो. मला चढायच्या आधी ओकारीच यायची. दोनदा पाहिलं पिऊन. नाही झेपलं." सगळी शरीरं सारखी नसतात. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या व्यसनाच्या धोक्यातला निम्म्याच्या आसपास वाटा अनुवंशाचा असतो. आमचे आजोबा माडी पिऊन बांधावर पडलेले असत, असं गावात अजून सांगतात. अण्णांना त्यांच्या पोटाने वाचवलं, बाबांना त्यांच्या रक्ताने ढकललं, आणि चाळीने एकाला सज्जन ठरवलं, दुसऱ्याला बेवडा.

उरलेला निम्मा वाटा कशाचा, त्याचं उत्तर मला आत्यानेच दिलं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती कळव्याला तिच्या मुलाकडे अंथरुणाला खिळली होती, मी पेज भरवत होते. काही विचारलं नव्हतं तरी ती बोलायला लागली. बाबा सहा वर्षांचे असताना त्यांची आई बाळंतपणात गेली. आजोबांना माडीपुढे शुद्ध नव्हती. आत्याला मावशीने नेलं, बाबांना त्यांच्या मामाने. मामा मारायचा. गुरं चुकली, भांडं फुटलं, अंथरूण ओलं झालं, की गोठ्यात मेढीला बांधायचा आणि बाहेरून कडी घालायचा. कधी रात्रभर. आत्या एकदा भेटायला गेली तेव्हा तिने बंद दाराआडून ऐकलं होतं, सहा-सात वर्षांचं पोर म्हणत होतं, मामा दार उघडा, मी पुन्हा नाही करणार.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

अमेरिकेत सॅन डिएगो इथे फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी साडेनऊ हजार प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं. मारहाण, अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारझोड असे प्रकार त्यांनी मोजले. १९९८ साली ते छापून आलं. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात दारू, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांपेक्षा चार ते बारा पट होता. मी तो आकडा वाचला तेव्हा मला कसलंच आश्चर्य वाटलं नाही. मला फक्त वाटलं की आत्यालाही उत्तर माहीत होतं. गॅलरीत उभं राहून "काय कमी होतं" म्हणताना तिला ते दार आठवलं नसेल का? की आठवलं म्हणूनच तसं म्हणाली?

हे सगळं मी माझ्या धाकट्या बहिणीला सांगायला गेले तेव्हा तिने मला मध्येच थांबवलं. तिच्या भुवईवर चार टाक्यांची खूण आहे. बाबांनी फेकलेल्या तांब्याची, ती नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, "ताई, तुला कारणं मिळाली की तुला बरं वाटतं. मला ती नकोत. तांब्या मला लागला होता." माझ्याकडे यावर उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. तिचं म्हणणं मला तितकंच खरं वाटतं. बाबांना कोणी बांधलं होतं म्हणून तिच्या भुवईतलं रक्त थांबलं नव्हतं.

तरीही एक गोष्ट तिला पटावी असं वाटत राहतं. शेवटच्या वर्षांत बाबांना दारू आवडत नव्हती. मी पाहिलंय त्यांना पिताना. उभ्या उभ्या, तोंड भिंतीकडे, नाक दाबून एका दमात, आणि मग लहान मुलाला एरंडेल दिल्यावर होतो तसा चेहरा. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ पासून हेच मांडलं आहे की एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं, ही मेंदूत दोन वेगळी कामं आहेत. व्यसनात आवडणं झिजत जातं आणि हवंसं वाटणं वाढत जातं. ज्याची चव मेली आहे त्याच्या मागे माणूस धावत राहतो. "मजा मारतोय" हा आरोप तरी निदान आपण मागे घ्यायला हवा.

मागच्या दिवाळीत बहिणीचा फोन आला. रडत होती. "ताई, काय कमी आहे गं याला?" मला क्षणभर कळेना, कोणाला? तिचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, नालासोपाऱ्याला राहतात, ऐरोलीला कस्टमर केअरमध्ये रातपाळी करतो. मोबाइलवर रमी खेळून एक लाख ऐंशी हजार रुपये घालवले होते, त्यातले निम्मे कर्ज काढून. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि ते ॲप बंद पडलं. बहिणीने सुटकेचा श्वास टाकला. दोन महिन्यांत तो शेअरबाजारातल्या 'ऑप्शन'मध्ये, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावायच्या सौद्यांत शिरला होता. त्यात वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी दहातले नऊ जण पैसे गमावतात, हे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ साली आकड्यांनिशी सांगितलेलं आहे. त्यालाही ते माहीत होतं.

या पोराच्या पोटात काहीच जात नाही. थेंब नाही, चिमूट नाही. आणि तरी बाबांच्या सकाळच्या चेहऱ्याची आठवण व्हावी असा त्याचा चेहरा. अनपेक्षित मिळण्याने मेंदू सगळ्यात जास्त खुलतो, आणि एकदा सवय लागली की मिळण्याआधीची चाहूलच त्याला पुरते. दर वेळी जिंकणारा कंटाळून उठला असता, कधीतरी जिंकणारा उठत नाही. जुगाराला आता वैद्यकशास्त्रातही दारूच्या शेजारची जागा आहे.

मी बहिणीला म्हटलं, त्याला रविवारी माझ्याकडे भांडुपला पाठव. काही बोलणार नाहीये, नुसता पाठव.

तो आला. मी चहा केला. आई खाली बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. बराच वेळ तो मोबाइल उलटा करून, पुन्हा सुलटा करून बघत होता. मी काय विचारावं याची चार दिवस तयारी केली होती आणि त्यातलं काहीच विचारलं नाही. म्हटलं, "रातपाळीत काय काय असतं रे?" आणि तो बोलत सुटला. दोन कॉलच्या मध्ये चाळीस सेकंद असतात. लोक आई-बहिणीवरून शिव्या देतात, उलट बोललं की पगार कापतात. सकाळी सातला घरी येतो तेव्हा सगळे निघालेले असतात, उठतो तेव्हा दमून आलेले. "मावशी, खेळताना ना, डोकं बंद होतं. बस. तेवढंच."

"माझं पण तसंच व्हायचं रे," आई शेंगांवरून मान वर न करता म्हणाली. "मशेरी लावली की."

तो आजीकडे बघत राहिला. त्याने तिला असं कधी पाहिलं नसावं. मीही नव्हतं पाहिलं. मग त्याने विचारलं, "आणि आजोबा? म्हणजे प्यायचे ते माहितीये. पण कामाला काय होते?"

चोवीस वर्षांत त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला, तोडला आणि दोन टोकं त्याच्या हातात दिली. एक टोक आडवं ठेव, अंगठ्याखाली दाब, नखामागून वळसा घे. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा गाठ बसली पण मोठी झाली, बोटाला लागत होती. आई म्हणाली, "हे असं नव्हते करत," आणि शेंगांचे हात पदराला पुसून तिने दोरा मागितला. तिला कधी शिकवली होती त्यांनी, मला माहीत नव्हतं. तिची बोटं आता वाकडी झाली आहेत, तिलाही एका फटक्यात जमलं नाही. चहा गार झाला होता. भाच्याने तिच्या हातातून दोरा घेतला आणि पुन्हा तोडला.